कॅरव्हॅन, दुपारी बारा ते चार

२ एप्रिल
कॅरव्हॅन आली. द्राक्षबागेतल्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची. वाल्मीकने ट्रॅक्टरला जोडून गंगापूर रोडने ओढत आणली. वाल्मीक माझा सातवीचा विद्यार्थी, आता लासलगावजवळ कांदा पिकवतो. कॉलनीतले लोक गॅलरीत येऊन पाहत होते. कौतुकाने, असं मला वाटतं.
संकल्प: मालिनीला घेऊन कळवण. लग्नानंतरची सात वर्षं तिथल्या शाळेमागच्या खोलीत काढली. भिंतीच्या अलीकडे चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायची, पलीकडे मालिनी त्याच तालावर भाकरी थापायची. मालिनी म्हणते, भाकरीला ताल नसतो.

५ एप्रिल
मालिनीची अट. फेब्रुवारीत तिला भोवळ आली, तेव्हापासून डॉक्टरांनी उष्णता टाळा म्हणून बजावलंय. म्हणून तिने परीक्षाच ठेवली. दहा मे, दुपारी बारा ते चार, ती गाडीत झोपणार. गार वाटलं तर कळवण, नाहीतर गाडी काढून टाकायची.
पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या. आता एक द्यायची. पेपर सोपा आहे.

९ एप्रिल
रंग दिला. फळ्याचा काळा. दोन्ही बाजूंना खडूने कविता लिहिता येतील. मुक्कामाच्या गावी मुलं जमतील, मोठ्याने वाचतील. डबा उरला म्हणून छतालाही तोच दिला.
मालिनीने विचारलं, पांढरा का नाही? म्हणालो, पांढऱ्यावर खडू उमटत नाही. ती भाजी निवडायला आत गेली. पटलं असावं.

१४ एप्रिल, दु. २
बाहेर ३८, आत ४१. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतलं, निरोप समारंभाच्या दिवशी मागून घेतलेलं. म्हातारं झालंय. तीन डिग्री जास्त दाखवत असणार.

१५ एप्रिल
उपाय सापडला. सटाण्याच्या घरी आई उन्हाळ्यात सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून घ्यायची. आत अंधार, गारवा, आणि मी पालथा पडून पाचवीचं पुस्तक वाचतोय.
छताचा झरोका पुट्टी भरून बंद केला. तळाला दोन जाळ्या निघाल्या, त्यात चिंध्या कोंबल्या. खिडक्यांना कागद. मालिनी म्हणाली, आईंच्या भिंती मातीच्या होत्या, दोन हात जाड. हा तपशील झाला.

२१ एप्रिल
खणातल्या मेणबत्त्या वाकल्यात. दोन्ही, दाराच्या दिशेने. नमस्कार केल्यासारख्या.
शुभ मानावं.

२६ एप्रिल
वाल्मीक कांद्याची गोणी द्यायला आला. पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मग वाकून खाली पाहिलं, वर चढून पाहिलं. उतरल्यावर टोपी काढून हातात घेतली.
"सर, कांदा बी श्वास घेतो. आमच्या कांद्याच्या चाळीला खालून वारं लागतं, बाजूनं वारं लागतं. तुम्ही तर सगळीच भोकं बुजवली. हिच्यात मानूस नका ठेवू."
त्याला समजावलं की कांदा वेगळा, माणूस वेगळा. त्याने मान हलवली. सातवीतही अशीच हलवायचा आणि उत्तर चुकायचं.

३ मे
आतून वाळ्याचे पडदे लावले. भिजवल्यावर असा वास सुटला की डोळे भरून आले. चष्माही भरून आला. गादी, उशा, कविता उतरवलेली वही, सगळंच ओलं. दहा मिनिटांत छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. भावनेचा भर.
शेजारच्या अक्काबाईंचं मांजर कॉलनीतल्या प्रत्येक गाडीखाली झोपतं. आमच्या गाडीला वळसा घालून जातं. मांजरांना कविता कळत नाही.

७ मे
आत ४६. थर्मामीटर काढून कपाटात ठेवलं. आकड्यांनी माणसाचं मन खचतं.
पुण्याहून वल्लरीचा फोन. मुलगी आहे, काळजी करणारच. आईला त्या डब्यात बसवू नका म्हणाली. मी म्हणालो, कल्पना आईचीच. फोन कट झाला. रेंज नसेल.

१० मे
११.४० पडदे तीनदा भिजवले. चारपर्यंत दार उघडायचं नाही असं ठरवलंय. उघडलं की गारवा गेला.
१२.०० मालिनी आत गेली. उशी आणि पाण्याची बाटली घेऊन. दारातून वळून माझ्याकडे पाहिलं, हसली. दार मी ओढून घेतलं. पलीकडच्या बाजूला कडुनिंबाखाली खुर्ची टाकली.
१२.२५ डोळे मिटून मोटेची कविता म्हणत होतो. मागे बांगड्या वाजल्या. काहीतरी बोलली. झोपेत कूस बदलली असेल. मी 'हं' म्हणालो. कडवं तोडलं नाही.
१.१० आवाज नाही. गाढ झोप लागली. याचा अर्थ गार आहे.
२.३० अजून नाही. पाणी प्यायलाही उठली नाही. इतकी शांत ती कळवणलाही झोपायची नाही.
३.०५ पत्र्यावर टकटक केली. बोट भाजलं. आतून काही नाही.
३.१५ हाक मारली. दोनदा. चारला पाऊण तास आहे. झाडाचं पान हलत नाही.
३.१७ मालिनी

१२ मे, दवाखाना
डाव्या हाताला सलाईन. लिहायला मनाई आहे, म्हणून वही उशाखाली.
दार उघडलं तेव्हा आत वाफ आणि उशी. बस. बर्थखाली पाहिलं, पडद्यांमागे पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. हाका मारत होतो. मग जमीन वर आली.
अक्काबाईंनी आणि मालिनीने पाय धरून बाहेर ओढलं म्हणे.
मालिनी आत पंचवीस मिनिटं होती. बाहेर येऊन, माझ्या खुर्चीमागे उभी राहून, अक्काबाईंकडे जाते म्हणून सांगून गेली.
"तुम्ही हं म्हणालात," ती म्हणाली. "चाळीस वर्षं हं म्हणताय."
मग सलाईनची नळी सरळ केली.
"कपाटात कशाला शोधलंत मला?"
तिने पदराने माझा चष्मा पुसला, मग तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला.

१६ मे
घरी. सकाळी गाडीला एक फेरी मारली. दाराच्या बाजूला, काळ्यावर खडूने, मालिनीच्या अक्षरात: 'अक्काबाईंकडे आहे. कलिंगड कापलंय. या.' मी त्याच्या समोरून पळत आत गेलो होतो. आधी फळा वाचा, मग बसा, असं पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो.
गाडीवर आजवर लिहिलं गेलेलं एवढंच. पुसवत नाही.
कळवणला जाणार आहोत. सकाळी सहाची एसटी, तिकिटं मालिनीनेच काढली. खिडकी तिची. उघडी राहील अशी अट आहे.
वाल्मीकला फोन केला. म्हटलं, गाडी तुझ्याकडे घेऊन जा, कांदे ठेवायला होईल. तो हळूच म्हणाला,
"नको सर. कांदा नासंल."