पाटीवरचं ‘डॉ.’

प्रिय बाबा,

पेंटर उद्या सकाळी येतोय आणि माझं काही ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दोनदा उठले, परत येऊन बसले. क्लिनिकची पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्याकडे बघितलं की परत उठावंसं वाटतं.

आम्हा फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही, यावरून घोळ चालू आहे. सरकारचं एक पत्र येतं, लावू नका. लगेच दुसरं येतं, थांबा, विचार चालू आहे. मैत्रिणींच्या ग्रुपवर दिवसभर भांडण. त्यांचं चुकतं असंही नाही. चार वर्षं शिकलो, वर सहा महिने वॉर्डात राबलो, ते काय मालिश करायला?

पण ही पाटी तुम्ही आणलीत ना! आर्वीच्या पेंटरकडून रंगवून घेतलीत आणि एसटीत मांडीवर धरून इथे बोरगाव मेघेपर्यंत आलात. ‘डॉ.’ हे एवढं मोठं, मग माझं नाव, आणि ‘फिजिओथेरपिस्ट’ खाली कोपऱ्यात, भिंग लावून वाचावं असं. मी कुरकुरले तर म्हणालात, “ते कोन वाचते वैशू? लोकाइले डॉक्टर पायजे.” मी हसले आणि लावली.

रोहण्यात भाजी विकताना, सांभाराची जुडी हातात देतानासुद्धा तुम्ही गिऱ्हाइकाला माझी डॉक्टरकी ऐकवायचात. मला लाज वाटायची आणि आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

मग तो फोन आला. “खांदा दुखून राह्यला दोन दिवसापासून, डावा.” समोर पेशंट होता. मी म्हटलं, वांग्यांचे कॅरेट उचलता, दुखणारच. शेक घ्या, हात हळूहळू वर-खाली करा. घाम येतो का, जीव घाबरतो का, चाललं की वाढतं का, एक प्रश्न विचारला नाही. हे विचारायला आम्हाला शिकवतात, बाबा. परक्या माणसाला मी रोज विचारते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. घाम येत होता, हे आईनं तेरवीच्या दिवशी सांगितलं. शेजारचे माणिककाका गाडीवर बसवून तुम्हाला आर्वीच्या दवाखान्यात न्यायला तयार होते, तेही तेव्हाच कळलं. तुम्ही त्यांना म्हणालात, “काखेत कळसा अन् गावाले वळसा कायले? डॉक्टरले इचारलं मी.” का असं केलंत? घामाचं मला सांगायला काय झालं होतं? मी तुमच्यावर चिडते, मग स्वतःवर चिडते, आणि कशाचाच उपयोग नाही.

परवा तेच माणिककाका माझ्याकडे आले. खांदा धरून, तोही डावाच. या वेळी मी सगळं विचारलं. छाती जड वाटते म्हणाले. मी म्हटलं, काका, आधी मोठ्या दवाखान्यात ईसीजी काढा, मी ऑटो बोलावते. ते टेबलावरून उठेनात.

“तूच पाह्य ना. डॉक्टर हायेस ना तू?”

“मी तशी डॉक्टर नाही, काका. हृदयाचं मला नाही तपासता येत.”

“मंग तुया बाप गावभर सांगत होता, तो लबाड बोलत होता का?”

समजावत बसले असते तर ते उठून सरळ घरी गेले असते. मी म्हटलं, “हो. लबाड बोलत होते.”

ते टेबलावरून उठले. मग गुमान ऑटोत बसले. क्लिनिकला कुलूप लावून मीही सोबत गेले.

सगळ्या तपासण्या झाल्या, हृदयाला काही नव्हतं. तिथल्या बाकावर बसून मी खूप रडले. आता काका गावात सांगत फिरतायत की तुमची पोरगी डॉक्टर नाहीच. काल आईचा फोन आला. “मेलेल्या बापाले लबाड केलंस तू?” एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

ठरलं, बाबा. नियम काय यायचा तो येवो, मैत्रिणींना राग येईल तर येवो, पेंटरला मी ‘डॉ.’ पुसायला सांगते. आणि पुन्हा कोणी असा खांदा धरून आला आणि उठेना झाला, तर त्यालाही सांगेन, माझे बाबा लबाड बोलत होते. कितीदाही सांगेन. हा शब्द देते.

तुमची,
वैशू