सेहेचाळिसाव्या पानापर्यंतचा कायदा

३१ जुलै
रिटर्न भरलं. म्हणजे सल्लागाराने भरलं. मी सही केली आणि त्याची फी दिली. वडिलांचा प्लॉट विकून आलेले अठरा लाख बँकेत ठेवले, तर त्यांच्या व्याजावरही कर. कोंबडी माझी, दाणे माझे, अंडी मोजायला सरकार.
हे अठरा लाख साधे नाहीत. ती माझी सुटका आहे. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बावीस वर्षं एकच वाक्य म्हणतोय : आपली तक्रार नोंदवली आहे. व्याज अख्खं हातात राहिलं तर साठीपर्यंत थांबायची गरज नाही. पंचावन्नाव्या वर्षी हेडफोन टेबलावर ठेवायचा आणि निघायचं. अजून फक्त चार वर्षं.
संकल्प : यापुढे कर आपला आपण समजून घ्यायचा. सल्लागाराला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षीपासून तुमची गरज नाही. तो म्हणाला, बरं. नुसतं 'बरं'! माणसाला धक्का बसला असणार.

४ ऑगस्ट
आयकरावरचं जाड पुस्तक आणलं. सहाशे पानं. रोज तीस पानं वाचली तर महिन्याच्या आत तज्ज्ञ. आज प्रस्तावना वाचली. उत्तम.

९ ऑगस्ट
पान चौदा. हा लेखक माणूस म्हणून बरा नसावा. एका परिच्छेदात सवलत देतो आणि पुढच्यात 'परंतु' म्हणून काढून घेतो. पाहुण्यासमोर बशी ठेवून लगेच उचलणाऱ्यांतला.
सौ. म्हणते, मी झोपेत दातओठ खातो, खालची उजवी दाढ झिजत चाललीय. सौ. एका डेंटल लॅबमध्ये दात घडवते. साचे, मेण, पोर्सेलीन, भट्टी. सोळा वर्षं तेच केल्यामुळे तिला माणसाच्या तोंडात दातांखेरीज काही दिसत नाही. दातांवर बसवायला एक गार्ड करून देते म्हणाली. नको म्हटलं. माझ्या दाढा दगड आहेत.

१७ ऑगस्ट
सापडलं! शेजारच्या टेबलावरच्या सर्वज्ञाने दिशा दिली. (ऑफिसात त्याला सगळे असंच म्हणतात. त्याला ती पदवी वाटते.) म्हणाला, पैसे वहिनींच्या नावावर टाक की, एवढं काय डोकं खाजवतोस?
घरी येऊन पुस्तक तपासलं. पान सेहेचाळीस, स्वच्छ शब्दांत : पत्नीला दिलेल्या भेटीवर कर नाही. सौ.चा पगार करपात्र नाहीच. तिचा मालक पगार देताना स्वतःची दाढ उपटून देतोय असा चेहरा करतो. म्हणजे व्याज तिचं, कर शून्य आणि घर एकच. इतकी सोपी गोष्ट आणि सल्लागार इतकी वर्षं फी घेत होता.
सत्तेचाळिसावं पान 'परंतु'नेच सुरू होत होतं. डोळे थकले होते. खूण घालून ठेवली.

२४ ऑगस्ट
बक्षीसपत्र झालं. साक्षीला मेहुणा, सौ.चा धाकटा भाऊ. त्याला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड आहे. 'प्रेमापोटी, कायमस्वरूपी व विनाअट' हे त्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
सौ.ने विचारलं, खरंच माझे? उद्या परत मागाल. मी म्हटलं, अगं वेडे, मागताच येत नाहीत, तीच तर गंमत आहे! तिच्या डोळ्यांत पाणी. करनियोजनाने एखाद्याला इतकं भरून येतं हे माहीत नव्हतं.
माझी ठेव मुदतीआधी मोडली म्हणून बँकेने दंड कापला. किरकोळ. मोठ्या डावात एखादं प्यादं जायचंच.

२ सप्टेंबर
सौ.च्या नावावर नवी ठेव झाली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत या विषयावर बोललो. चांगली गर्दी. एकाने विचारलं, पण पैसे गेले ना हातातून? हसलो. म्हटलं, गड्या, कागदावर जे असतं तेच कायद्याला दिसतं. माझ्या घरात काय आहे ते मला माहीत.
सल्लागाराला मेसेज पाठवला : तुमच्याशिवाय उत्तम चाललंय. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला. जळला.

११ डिसेंबर
सौ.ने ठेव मोडली.
जेवायला वाढता वाढता सांगितलं. दातांच्या दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत खोली भाड्याने घेतली, भट्टी मागवली, मालकाला राजीनामाही दिला. म्हटलं, अगं, माझे पैसे! म्हणाली, कोणाचे? म्हटलं, कागदावर तुझे असतील. म्हणाली, कागदावर असतं तेच कायद्याला दिसतं, असं तुम्हीच ऑफिसात सांगून आलात ना? मग जरा शांतपणे म्हणाली, सोळा वर्षं दात मी घडवले आणि डबीवर नाव मालकाचं. आता डबीवर माझं नाव.
मेहुण्याला फोन लावला, बहिणीला समजाव म्हटलं. त्याने 'विनाअट' परत वाचून दाखवलं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय मेल्याने.

१३ डिसेंबर
शांतपणे विचार केला. पैसे गेले. माझं पंचावन्नावं वर्ष गेलं. पण कर वाचला! मधल्या महिन्यांच्या व्याजावर सरकारला दमडी मिळणार नाही. तत्त्व जिंकलं.
दाढ ठणकतेय. थंडीमुळे.

६ जानेवारी
सौ.ची लॅब सुरू झाली. पाटीवर तिचं नाव. मला वाटलं रिबीन मी कापणार. मी धरली, कापली मेहुण्याने. भांडवलदाराचा उल्लेख कोणीही केला नाही. सौ. पाटीखालून हलायलाच तयार नव्हती, पाहुण्यांनी आत ओढून नेली.
घरात आता जिथे हात घालावा तिथे दात. सकाळी साबणाच्या डबीत वरची कवळी होती.

५ जुलै
या वर्षीचं रिटर्न स्वतः भरायला बसलो. साइटने पासवर्ड विचारला. दिला. चुकीचा आहे म्हणाली. नवा केला. म्हणाली, हा जुन्यासारखाच आहे. मग जुना का चालत नव्हता, भवाने?
हेल्पलाइनला फोन. आधी भरपूर संगीत, मग एक थंड आवाज : आपली तक्रार नोंदवली आहे. हे वाक्य ऐकायला कसं लागतं ते आज पहिल्यांदा कळलं. आवाजात माझ्यासारखी सफाई मात्र नव्हती.

१२ जुलै
सौ. लॅबचे कागद घेऊन सल्लागाराकडे गेली. माझ्या सल्लागाराकडे! त्याच्या पुढच्या दोन दातांच्या कॅप हिनेच केल्यात म्हणे. परतली ती हसू दाबत. म्हणाली, माझ्या ठेवीचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरायचं असतं. म्हटलं, तुझ्या नावावरचं? म्हणाली, भेट दिली कोणी? देणाऱ्याने कर भरायचा. सल्लागार म्हणाले, त्यांच्याकडे जाड पुस्तक आहे ना, त्यात असेल.
पुस्तक काढलं. खूण जागच्या जागी होती. पान सत्तेचाळीस. 'परंतु अशा भेटीपासून मिळणारे उत्पन्न हे भेट देणाऱ्या पतीचेच...'
पुढचं वाचायच्या आत तोंडात कडकन आवाज झाला. खालची उजवी दाढ.

१५ जुलै
सल्लागाराकडे गेलो. फक्त चौकशीला. दोन्ही कॅप दाखवत हसला. म्हणाला, साहेब, एप्रिलपासून तर लॅबचा नफाही तुमच्या उत्पन्नात येणार, भांडवल सगळं तुमच्या भेटीचं ना? विचारलं, म्हणजे नफा मला मिळेल? म्हणाला, छे, नफा त्यांचा. कर तुमचा. विचारलं, मग माझ्या वाट्याला काही आहे की नाही? थोडा विचार करून म्हणाला, तोटा झाला तर तोही तुमच्यात धरता येतो.
जिवात जीव आला. तोटा!
घरी येऊन सौ.ला सहज विचारलं, नवीन धंदा, सध्या मंदीच असेल, नाही का? म्हणाली, छे हो, आणखी तीन दवाखाने मिळाले. आणि कर तुम्हीच भरणार असाल तर दुसरी भट्टी घेऊन टाकते.

२२ जुलै
दंतवैद्याकडे. दाढ उभी चिरली आहे, कॅप बसवावी लागेल म्हणाला. तोंडात माप घेण्याचा लगदा कोंबून मग बोलायला लागला : काळजी करू नका, सध्या सगळ्यात सुबक काम करणारी एक लॅब आहे, मागच्याच गल्लीत, त्या बाईंच्या हातात जादू आहे. तुम्ही ओळखता का त्यांना? मला बोलता येत नव्हतं. मान हलवली.

३१ जुलै
रिटर्न भरलं. सल्लागाराने भरलं. मी सही केली आणि त्याची फी दिली. घाईचे जादा घेतले. पुढच्या वर्षीही तुम्हीच बघा म्हटलं. तो म्हणाला, बरं.
कॅप बसली. लॅबचं बिल वेगळं आहे, तुमचं घरचंच आहे तर तिकडेच द्या, म्हणाला दंतवैद्य. सौ.कडे सवलत मागितली. म्हणाली, घरच्यांना सवलत दिली की हिशेब बिघडतो, सल्लागारांनी बजावलंय. पूर्ण पैसे मोजले. तिने पावती दिली, वर स्वतःच्या नावाचा शिक्का.
या बिलातला नफा तिचा. तो माझ्या उत्पन्नात. म्हणजे माझीच दाढ तुटली, तिचे पैसे मीच दिले आणि त्यावरचा कर पुढच्या वर्षी मीच भरणार. सत्तेचाळिसाव्या पानाच्या पुढे काय आहे ते वाचायची हिंमत नाही. पुस्तक सर्वज्ञाला दिलं. विनाअट.
सौ.ने बॅटरी धरून माझी दाढ बघितली, बोटाने हलवून पाहिली, स्वतःवरच खूश झाली. म्हणाली, आता खुशाल दातओठ खा, दहा वर्षं हिला काही होणार नाही.
नोकरीची आठ उरली आहेत. पुरेल.