कपाट लावलं कोणी

लोद्झ, ४ मार्च १९४६

ती. पेर्लाताईस झेलिकचा स. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी झ्लाता नावाच्या बारा वर्षांच्या पोरीने माझा कागद अडवला आणि तिथून माझं सगळंच फिरलं. आमच्या इतिहास समितीचा नियम असा, की जर्मनांच्या हातून जगून वाचलेल्या ज्यू पोरांनी हकिगत सांगायची, आपण लिहायची, मग त्यांनाच वाचून दाखवायची. पटली तर खाली सही. मी वाचली. पोरगी म्हणाली, सही करणार नाही. आम्ही सातजण कपाटामागे लपलो म्हणतोस, पण कपाट भिंतीला लावलं कोणी? आतून लागतं का ते, शहाण्या? तिच्या मावशीचा नवरा बाहेर राहिला होता. त्याचं नाव लिही म्हणाली. मी ते लिहिलंच नाही. फ्रुमाने टाक काढून घेतला.

फ्रुमा म्हणजे तीच, जिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडून या टेबलाशी येऊन बसलो. हसू नकोस. लग्नाचं काढलं की म्हणते, आधी या खुर्चीत बसून स्वतःची हकिगत सांग, मग बघू. मी तिच्या अंगावर खेकसलो. या खोलीत मला कोंडल्यासारखं होतं, ताई. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा झेलिक

कातोवित्से, १३ मार्च

चि. झेलिकला ताईचे आशीर्वाद.

मुलगी शहाणी दिसते. तुझ्यात काय पाहिलं, देव जाणे! नणंद खाष्ट आहे, एवढं तिला आधीच सांगून ठेव.

मी दर रविवारी आपल्या गावी बेंजिनला जाते आणि आईच्या नावाची चिठ्ठी हरवलेल्यांच्या भिंतीवर पुन्हा डकवते. पावसाने ती गळून पडते. माझ्या खोलीतली दुसरी खाट भाड्याने मागायला आले होते, नाही म्हटलं. आई आली तर निजेल कुठे? तिला कुठे नेलं, हे मी दर पत्रात विचारते आणि तू दर पत्रात हवापाणी लिहितोस. असेल ते लिही. माझी माया आटायची नाही.

पेर्ला

लोद्झ, २० मार्च

ती. ताईस न. वि. वि.

आता चिठ्ठी डकवू नकोस. काल मी त्या खुर्चीत बसलो. फ्रुमाने लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. लग्नाचं मीही काढलं नाही, तिनेही नाही. रस्त्याच्या वळणावर मला धरलं आणि त्याच दुपारी छावणीच्या गाडीत कोंबलं, हे तुला ठाऊक आहे. मी कुठून बाहेर पडलो होतो, ते सांगितलं नव्हतं. नक्कल सोबत आहे. त्या घराचा पत्ता पहिल्याच ओळीत आहे. मी अजून तिथे पाऊल ठेवलेलं नाही. वाचून लोभ उरला, तर दोन ओळी टाक.

झेलिक

नकलेचं शेवटचं पान:

...तळघरात कपाटामागे आम्ही नऊजण. पाचव्या दिवशी मी आईवर ओरडलो, की इथे जीव गुदमरतोय, मला जाऊ दे. तिने पाठवलं नाही, मीच मागितलं. आई म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरीच आहे. जा, पण कपाट नीट लाव आणि संध्याकाळी येऊन सरकव, आतून ते हलत नाही. मी हो म्हटलं. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. मी कपाट भिंतीला टेकवलं, बाहेर पडलो आणि तळघराचं दार ओढून घेतलं.