फोर्कमधली हवा

माय, आपल्या घरात सायकल एकच होती, बाबांची काळी, आणि तिचं पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्याला आपण चिमटा म्हणायचो. नायगावच्या रस्त्यावर खड्डा आला की तो त्या चिमट्यातून जसाच्या तसा बाबांच्या मनगटात जायचा, आणि मागं कॅरिअरवर बसलेली तू म्हणायचीस, "हळू की हो." आता डोंगरी सायकली आल्यात. त्यांच्या चिमट्याला फोर्क म्हणतात, तो खड्ड्यावर आत दबतो आणि परत वर येतो. तुला हे सांगायला बसलोय याचं माझं मलाच हसू येतं. पण ज्याबद्दल बोलायचंय तिथवर जायला मला दुसरी वाट सापडली नाही, आणि मी सरळ मुद्द्यावर येणारा कधीच नव्हतो हे तुला माहीत आहे.

तू गेलीस तेव्हा जी तुझ्या कडेवर होती ती धाकटी आता बिलोलीला शाळेत शिकवते. नोकरीपायी तिथं एकटीच खोली करून राहते. सुट्टी लागली की बसनं माझ्याकडं लातूरला येते, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ हेल्मेटं घालून मुरुडकडच्या माळावर सायकली घेऊन जातो. तुझ्या माहेरचा तोच मुरमाड माळ, काळ्या दगडांचा. बघणारे हसतात, विशेषतः माझ्या पोटाकडं बघून. ती मात्र उतारावर अशी सुटते की मला खाली पोचेपर्यंत तिची फक्त धूळ दिसते. तिची सायकल माझ्याकडंच असते, व्हरांड्यात, आणि तिची डागडुजी माझ्याकडं असते. वीज कंपनीतल्या नोकरीनं माझी एक खोड पक्की केलीय, कुठलीही वस्तू बिघडली की कारण सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

तिची सायकल मीच घेऊन दिली होती. तिच्या फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग होती. स्प्रिंग कारखान्यात कुणाच्या तरी वजनाला धरून बनवतात, आणि तो कुणीतरी आपल्या धाकटीपेक्षा चांगलाच जाडजूड असावा. लहान दगडांवर स्प्रिंग दबायचीच नाही, मोठ्यावर दबली तर अशी उसळायची की हँडल हातातून जायचं. मग मी नवा फोर्क शोधायला लागलो आणि बायकोच्या भाषेत सांगायचं तर कामातून गेलो. माळावर भेटणारे बाकीचे सायकलवाले म्हणाले, जास्त दबणारा लांब घे. मी म्हणालो, आपला माळ आहे, हिमालय नाही. फोर्क लांब घेतला की सायकलचं तोंड वर होतं आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. शेवटी मध्यम लांबीचा, जाड दांड्यांचा, हवेवर चालणारा घेतला. हवेचा फायदा असा की ज्याची सायकल त्याच्या वजनाला तो लावून घेता येतो. एक छोटा पंप असतो, त्यावर काटा असतो. वजन जास्त तर हवा जास्त, वजन कमी तर हवा कमी.

लावायची रीतही सांगतो. फोर्कच्या चकचकीत दांडीवर रबराची एक बारीक रिंग असते. ती खाली सारून ठेवायची. मग माणसानं बूट, हेल्मेट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं घालून भिंतीला हात टेकून सायकलवर नुसतं बसायचं आणि हळूच उतरायचं. जेवढं वजन तेवढा फोर्क दबतो आणि रिंग तेवढी वर ढकलली जाते. पूर्ण दबण्याच्या साधारण पाव भागाला ती आली पाहिजे. पहिल्यांदा लावला तेव्हा धाकटीला मी फोनवर वजन विचारलं होतं आणि तिनं बायका सांगतात तसं कमी करून सांगितलं होतं. त्या हिशेबानं हवा भरली, ती बसली, आणि रिंग पार वर गेली. मी म्हणालो, "बाईसाहेब, हा फोर्क खोटं बोलत नाही." माझी बायको स्वयंपाकघरातून हसली, धाकटी माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "भर गुमान आणखी हवा." मी भरली आणि रिंग जिथं आली तिथं दांडीच्या बाजूला मार्करनं खूण करून ठेवली. खाली एक लाल चावी असते, तिच्यावर ससा आणि कासव काढलेलं असतं. दबलेला फोर्क किती चपळाईनं परत यावा ते तिच्यावर ठरतं. तीही फुटपाथच्या कडेवरून पुन्हा पुन्हा सायकल उतरवून नीट बसवली. त्या दिवसापासून तिची सायकल दगडांवरून पाण्यासारखी जायची.

यंदा पोळ्याच्या सुट्टीत ती आली, माळावर एक फेरी झाली आणि उतरल्या उतरल्या मनगटं चोळायला लागली. "दादा, फोर्क पार दगड झालाय. हात दुखून राहिलेत माझे." मी म्हणालो, "तेल सुकलं असंल. ठेव, बघतो." ती गेल्यावर मी तो सगळा उघडला. तेल चांगलं होतं. रबरी सील स्वच्छ होते. तरी नवं तेल घातलं, दांड्या पुसल्या, पंप लावला. हवा होती तेवढीच होती. आणि हवा निघून गेली असती तर फोर्क मऊ झाला असता, कडक नव्हे. मग मला वाटलं पंपाचाच काटा चुकत असणार, म्हणून एका मित्राचा पंप आणला. त्यानंही तोच आकडा दाखवला. मी स्वतःच्या सायकलच्या फोर्कवरही दोन्ही पंप लावून बघितले, तिथंही आकडा एकच. फोर्कमध्ये काही दोष नाही हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं, पण त्या संध्याकाळी मी व्हरांड्यातला दिवा न लावता तसाच बसून राहिलो.

पुढच्या सुट्टीत तिला म्हणालो, बस एकदा, रिंग बघू. ती बसली. मी खाली उकिडवा बसलेला, डोळे रिंगेवर. रिंग खुणेच्या बरीच खाली थांबली, म्हणजे वजन उतरलेलं. आणि मग, माय, ती हळूहळू वर सरकायला लागली. मी मान वर केली तर धाकटीनं भिंतीला खांदा टेकून दोन्ही हातांनी हँडल खाली दाबून धरलं होतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"जोर देऊ नको. नुसती बस."

"कुठं देऊन राहिले? नुसतीच तर बसलेय."

"हात सोड बरं एकदा."

"पडंन की मी," असं म्हणून ती हसली आणि उतरलीच. "झालं का तुझं? चहा टाकायला सांग वहिनीला."

म्हणजे तिला कळलंय. हे मला आधी समजलं आणि बाकीचं मागून. तिच्या हातांनी माझ्या डोळ्यांदेखत तिचं उतरलेलं वजन लपवलं. अंगात दोन सदरे घालते ती आता, लातुरात पंखा लागतो अशा दिवसांतही.

तू म्हणशील, एवढा मोठा झालास, तोंड नाही का तुला, विचार की तिला. विचारलं होतं, माय, तेच तर सांगतोय. आपल्याकडं लेक माहेरी आली की उंबऱ्यातच म्हणायचं असतं, वाळलीस गं. ती चांगली अंगानं भरून आलेली असली तरी म्हणायचं असतं, नाहीतर माया नाही असं होतं. माझी बायको दरवेळी म्हणते, "ताई, लई वाळलात हो." मीही म्हणतो. धाकटी म्हणते, "तुमचं आपलं दरवेळेसचंच," आणि चपला काढते. पोळ्यालाही असंच झालं, त्यानंतरही असंच. खरोखर वाळली तेव्हा म्हणायला आमच्याकडं दुसरा शब्दच उरला नव्हता. आम्ही म्हणालो, ती हसली, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.

तुझंही असंच झालं होतं. मुरुडला मामीच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली आहे, मी दाराशी शेंगा फोडत बसलोय, मामी भाकरी थापता थापता म्हणते, "वाळली बाई माझी नणंद," आणि तू हसतेस. तिच्या आवाजात काळजी नाही, तुझ्या हसण्यात काही नाही, दरवर्षीचंच आहे सगळं. धाकटी तुझ्या मांडीवरून सारखी खाली उतरते आणि म्हणते, टोचतंय. कुणालाच ते विशेष वाटत नाही, पोरं काहीही म्हणतात. तू अर्धी भाकरी तिला भरवतेस आणि उरलेली हळूच माझ्या ताटात सरकवतेस. मला त्या भाकरीचा आनंद झालेला अजून आठवतो.

खरं काय ते पहिल्यांदा बोलली नायगावच्या बाजारातली मनियारीण. ती ना आपल्या नात्यातली, ना माहेरची. तिचं काम बांगड्या भरायचं. तुझा हात हातात घेऊन दाबला आणि ती थांबली. "बाई, हात लई उतरला तुमचा. मागल्या टायमाच्या मापाच्या नुस्त्या निघून येऊन राहिल्यात." तू म्हणालीस, "काम लागतं, मग उतरतोच की." ती म्हणाली, "कामानं हात रट्ट, दणकट होतो बाई, उतरत न्हाई. दवाखान्यात दाखवा." तू तिला म्हणालीस, जुन्याच मापाच्या दे. आणि घरी येऊन दोन बांगड्यांना आतून लाल दोरा गुंडाळलास, मनगटावर घट्ट बसाव्यात म्हणून. मला वाटलं, नवी फॅशन असेल. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात गेलीस तेव्हा तो लाल दोरा किती छान दिसत होता. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन पोटातल्या गाठीचं सांगितलं आणि विचारलं, एवढे दिवस घरात कुणी बघितलं नाही का. मी बाबांच्या मागंच उभा होतो, म्हणून ऐकलं. बाबा त्यावर नंतर कधीच बोलले नाहीत.

धाकटीला यातलं काही आठवत नाही. तिला तुझा चेहरासुद्धा फोटोतला माहीत आहे. मला आठवतं, म्हणून मला झोप लागत नाही. आईचं तसलं दुखणं कधी कधी लेकीकडं उतरतं, हे मी आमच्याच ऑफिसातल्या एकाच्या घरी बघितलंय. लवकर दाखवलं तर माणूस वाचतं, हेही तिथंच बघितलं. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. तिला भीती कशाची वाटते ते मला कळत नाही. मला कशाची वाटते ते नीट कळतं.

आणि मी काय केलं ते ऐक. चहा झाल्यावर ती आत वहिनीशी बोलत होती तेव्हा मी पंप काढला आणि फोर्कमधली थोडी हवा सोडली, तिच्या आताच्या अंगाला बसेल अशी. लाल चावी सशाच्या बाजूला थोडी फिरवली. दुसऱ्या दिवशी माळावरून आली तेव्हा खूश होती. "आता कसं लोण्यासारखं झालं. काय केलंस रे?" मी म्हणालो, तेल बदललं. ती हेल्मेटचा पट्टा सोडत होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "आणि हवा? हवा किती ठेवलीस?" मी म्हणालो, "मागचीच." ती म्हणाली, "बरं." तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. इतकं बरं तिला कुणाच्या बोलण्यानं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी फार वाईट दिवस काढले. शेवटी एक युक्ती सुचली, माझ्यासारख्याला सुचेल अशीच. आज सकाळी मी फोर्कमधली सगळी हवा सोडून दिली. हवा नसली की फोर्क खाली बसतो, सायकल रस्त्यावर काढताच येत नाही. म्हटलं, ती येईल, सायकल बघेल, विचारेल. मग तिच्यासमोर पहिल्यापासून हवा भरायची, तिला हात सोडून बसवायचं, रिंग दोघांनी बघायची आणि बोलायचं. दवाखान्यात सांगूनही ठेवलंय, दुपारनंतर या म्हणालेत. बायकोला म्हटलं, तू आज मधे पडू नको. नंतर धाकटीचा फोन आला, नांदेड सोडलं म्हणून. थोड्या वेळानं पुन्हा आला, लोहा आलं. आवाज छान होता. माळावर आता गवत वाळलं असेल, उतार मोकळा झाला असेल, चल पटकन जाऊन येऊ, म्हणाली.

तेव्हापासून हे लिहीत बसलोय. हे तुला पाठवायची सोय नाही आणि तिला दाखवायची छाती नाही, तेव्हा कपाटातच राहील. एक मात्र तुझ्यापासून लपवत नाही. हे लिहिता लिहिता मधे मी एकदा उठलो होतो, माय. व्हरांड्यात गेलो, पंप लावला आणि फोर्कमध्ये हवा परत भरून आलो, आताच्या तिच्या वजनाला बसेल तेवढी. आल्या आल्या तिला माळावर जाता यावं, थांबावं लागू नये म्हणून.