मालकांची बंदूक

३ जानेवारी, सकाळ
आजपासनं खोटं बोलायचं न्हाई. तशी कुंडल गावात माझ्याइतकी सरळ बाई दुसरी न्हाई, तरी वहीत असावं.

६ जानेवारी
नात प्रांजल विश्रामबागला कॉलेजात. बंदुकीचे इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात कसे शिरले, त्यावर तिला वर्गात बोलायचंय. म्हणली, टारगेट म्हंजी निशाणा, आता बँकेतल्या पोरींनाबी असतंय. ट्रिगर म्हंजी चाप. सून रेश्मा भाकरी थापता थापता म्हणली, मला तर रोज तुझी आजीच ट्रिगर करती. मी लक्ष दिलं न्हाई.
हाफ कॉक म्हंजी घोडा अर्धाच वढलेला, तवाच बार उडणं. तयारी न करता तोंड उघडणाऱ्याला तसं म्हणत्यात. असली माणसं मला मुळीच आवडत न्हाईत. लगेच म्हणलं, तुझा आजा फौजेत बंदूकवाला, भिंतीवर फोटो हाय. मीच येऊन सांगते.

९ जानेवारी
लाटण्यावर सराव. हा चाप, हा घोडा. रेश्मा हसली.
फोटोतली बंदूक स्टुडिओवाल्याची, लाकडाची. कुणी इचारत न्हाई, मग सांगायचं कशाला? ह्याला खोटं म्हणत न्हाईत.

१२ जानेवारी, सकाळ
नवं लुगडं. आज टाळ्या पडणार.

१२ जानेवारी, संध्याकाळ
पडल्या. सांगितलं, सरहद्दीवर चाप वढून वढून मालकांचं बोट वाकडं झालेलं.
मागं जोतीराम भावजी बसलेले, मालकांच्याच पलटणीतले. त्यांची नात त्याच वर्गात, मला काय ठावं. उठून म्हणले, आवं वहिनी, बोट भाजलेलं त्याचं, फौजेच्या लंगरात, चुलीवर. दोनशे माणसांचं वरण एकटा करायचा. बर्फात त्याचा गरम चहा पोचला म्हणून आमी माघारी आलो.
लय मायेनं म्हणले. त्यांना माझ्यापरीस जास्त टाळ्या.
 बसमधी तासगाव आल्यावर प्रांजल म्हणली, आजोबांनी कधी सांगितलं न्हाई व्हय?

१३ जानेवारी
सांगितलेलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पाव्हण्यांत म्हणले, मी फौजेत सैपाक करतो. घरात आल्यावर मी म्हणलं, परत चारचौघांत काढू नका, लाज वाटती. मरेस्तवर काढलं न्हाई. स्टुडिओत मीच नेलं, बंदूक मीच हातात दिली.
चाळीस वर्सं त्यो फोटो पुसतेय. बंदूक त्यांनी पळीगत धरलीय. आज दिसलं.