रस्त्याकडची ओळ

१२ जानेवारी, रविवार

आमच्या प्रभागातला कार्यकर्ता शेखर घरी आला होता. कॉलनीच्या व्याख्यानमालेत वाद ठेवलाय — 'पुरुषत्व धोक्यात?' बॅनरवर वाघ! म्हणे पन्नास वर्षांत पुरुषांचे शुक्राणू निम्म्यावर आले आणि हा सगळा परदेशी कंपन्यांचा डाव. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून विरुद्ध बाजू माझी. जणू मी शुक्राणूंच्याच विरुद्ध आहे!

हो म्हटलं. शुभांगी नुसती हसली.

१५ जानेवारी

आई काल हळदीकुंकवाला गेली, ती वाणाबरोबर वैद्याचा पत्ता घेऊन आली. पेठचा. हा चौथा. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही — मग सुनेला पाजा काढे! शुभांगीच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, सगळ्या ठीक. डॉक्टरांनी दिलेली माझ्या तपासणीची चिठ्ठी मात्र जूनपासून खणात पडून आहे. आधी पेपर तपासायचे होते, मग दिवाळी, मग राहूनच गेलं.

राहून गेलं कसलं! भीती वाटते.

१८ जानेवारी

जिंकलो!! शेखरने जीन्सपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांना देशद्रोही ठरवलं. मी निफाडच्या मामांच्या द्राक्षबागेची गोष्ट काढली. व्यापारी यायच्या आधी मालाचा अंदाज घ्यायला मामा बागभर फिरून थोड्या थोड्या वेलींचे घड मोजतात. एका वर्षी घाईत नुसती रस्त्याकडची, धुळीने मार खाल्लेली ओळ मोजली आणि बाग गेली म्हणून दोन दिवस जेवले नाहीत! म्हटलं, आकडे घटले असतीलही, अभ्यासकांतच मतभेद आहेत. पण मोजलं कुणाला ते आधी विचारा. अडचण असलेलेच दवाखान्यात जातात, बाकीचे पुरुष तपासायला जातातच कुठे?

टाळ्याच टाळ्या. पहिल्या रांगेत भाजीवाल्या कुसाबाई म्हणाल्या, "लय खरं बोलला मास्तर!"

परतताना स्कूटरवर मागून शुभांगी म्हणाली, "छान बोललास. तुझी वेल मोजली का कुणी?"

मी रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला.

१९ जानेवारी

चिठ्ठी खणातून काढली. परत ठेवली. परत काढली.

२१ जानेवारी

गेलो एकदाचा. मास्क, टोपी, गॉगल. लॅबमध्ये कोपऱ्यात तसाच नटलेला दुसरा एक जण. शेखर!

"मित्राचा रिपोर्ट न्यायला आलोय, सर."

"मीपण."

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने दोघांचीही नावं खणखणीत आवाजात पुकारली. मेलो!

नंतर टपरीवर चहा घेतला. तो खाली बघत म्हणाला, "सात वर्षं झाली, सर. कुणाचा तरी डाव आहे म्हटलं की जरा बरं वाटतं." माझ्याकडे मुद्दे तयार होते. एकही काढला नाही. त्याला अजून एक चहा सांगितला.

२३ जानेवारी

रिपोर्ट आला. आकडा कमी. उपचार आहेत, डॉक्टर म्हणाले. शुभांगीने वाचला आणि माझा हात धरून बसली. मग मीच आईला सांगितलं — पेठला जायचं नाही, कमी माझ्यात आहे.

आईने वैद्याच्या पत्त्याचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तू व्हायच्या आधी नऊ वर्षं मी काढे प्यायले, रवी. तुझ्या बाबांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही."