खड्ड्याला पाणी

४ मे, सोमवार

आलो एकदाचा धुळ्याला. तीस वर्षं बोदवडात लोकांच्या पाण्याच्या जळक्या मोटारी भरल्या, आता हायवेला लागून वाइंडिंगचं दुसरं दुकान. घरही झकास मिळालं. दोन खोल्या, अंगण, लोखंडी फाटक. मागच्या खोलीत घरमालकीण झुंबरबाई राहते, मी अक्का म्हणतो. पहिल्याच चहाला म्हणाली, भाऊ, बठ्ठं घर तुनंच शे. सगळं घर माझंच म्हणे. रविवारी बायको, दिपमाला, सामान घेऊन येईल. सारिकानं पहिल्या पगारातून मला लॅपटॉप दिलाय. आबा, रोज चार ओळी टाईप करा म्हणजे हात बसेल, असा लेकीचा हुकूम आहे. बसवतोय.

५ मे

चार्जर लावला की लॅपटॉपच्या पत्र्याला टेकलेल्या मनगटात मुंग्या येतात. चार्जर काढला की गायब. घाबरण्यासारखं काही नाही, घराचं अर्थिंग मेलं की असं होतं. वायर धरून शोधत गेलो. ती फाटकाला एक वेढा घालून अंगणातल्या खड्ड्यात उतरते. खड्ड्यावर फरशी, आत माती ठणठणीत कोरडी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी टाकायचं, हे मी झोपेतही सांगेन. अक्काला तसं म्हटलं, तर हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, तठे पानी नको टाकू. खड्डा तिच्या मुलानं, नवलनं खोदला. तो वायरमन होता, आता सुरतेला असतो म्हणे. ‘सुरत’ म्हणताना तिचा आवाज खाली गेला. मोटारीचा बिघाड मी कानानं ओळखतो, माणसाचा नाही ओळखणार?

६ मे

म्हातारी काहीतरी लपवतेय. चोरून टाकलेला विजेचा आकडा असेल, नाहीतर पुरलेले दागिने. ती भाजीला गेल्यावर फरशी सरकवली. दोन किलो खडेमीठ, तीन बादल्या पाणी. कोरड्या मातीत पाणी मुरताना बुडबुड होते. इथं घटाघट आवाज आला, घोट घेतल्यासारखा. असो. मुंग्या बंद! मोतीलालचं निदान चुकत नाही.

७ मे

मुंग्या परत. पण लाईनची गुणगुण सलग असते. ही थांबते. टक-टक-टक, मग शांत. कुणी मनगटावर बोट ठोकून हाक मारावी तशी. पत्र्याला कान लावला. आत कुणीतरी श्वास घेतंय.

दुपारी लाईट गेली. चार्जरही काढून ठेवला.

थांबली नाही.

८ मे

अक्कानं ओली माती पाहिली. पाणी टाकलं का, असं विचारलं नाही. किती पाजलं, असं विचारलं.

मग सगळं बोलली. नवल सुरतेला गेलाच नाही. लाईन चोरीची होती. खड्ड्यात पाणी टाकताना चिकटला. पानी लई ये माय, पाणी घेऊन ये, म्हणत राहिला. हिनं भीतीनं हात लावला नाही, पाणीही दिलं नाही. मग पोलिसांच्या धाकानं त्याच्यावर तिथंच माती लोटली. कोरडं शे तोवर तो निजस, म्हणाली.

९ मे

अक्काच्या दाराला कुलूप. वायर कापली. तरी नळाला, कडीला, फाटकाला — टक-टक-टक. कालच्यापेक्षा जोरात. आता लॅपटॉप इथंच टाकून, फाटक काठीनं ढकलून बाहेर पडणार.

त्याआधी दिपमालाला फोन केला, येऊ नको. ती म्हणते, तुमचा आवाजच येत नाही, नुसतं गटगट ऐकू येतंय, एवढं काय पिताय?

१० मे, रविवार

दुकानात झोपलो होतो. ती येण्याआधी फाटकाबाहेर उभं राहायचं ठरवलं होतं. फक्त लॅपटॉप उचलायला आत आलो. सारिकाचा पहिला पगार, सोडवेना —

डावा हात चिकटलाय. चार्जर नाही, वायर नाही, तरी. जबडा उघडत नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी —

बाहेर टेम्पो थांबला. दिपमाला हाक मारतेय, अहो, फाटक उघडा की.

दिपा फाटकाला हात ला

ला

बोटं माझं ऐकत ना

ये माय. फाटक उघडंच शे. पानी लई ये. पानी लई ये माय पा